वाकडा खिसा

टेलर मास्तरांनी सत्तरी ओलांडली आणि म्हातारपणाला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं मनावर घेतलं. शिलाई मशीनच्या शेजारी व्हिटॅमिनच्या सात बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या. सकाळी चहाबरोबर मूठभर गोळ्या घशाखाली उतरवायच्या आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचं, "डोळे बघा माझे! पंचविशीतल्या पोराला लाजवतील."

गिऱ्हाईक मान डोलवायचं, शर्ट काखोटीला मारायचं आणि मुकाट्याने निघून जायचं.

एके दिवशी मास्तरांनी पँटच्या कापडाबरोबर खालचा टेबलक्लॉथही कातरला. बायकोने तसंच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"मोतीबिंदू आहे, मास्तर. ऑपरेशन करावं लागेल."

"कसं शक्य आहे? सात प्रकारची व्हिटॅमिनं खातो मी!"

"सत्तर प्रकारची खाल्लीत तरी मोतीबिंदू जागचा हलायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उलट काही व्हिटॅमिनं जास्त झाली तर अंगाशी येतात. रक्त तपासून घ्या. कमी असेल तेवढंच घ्या."

मास्तर आठवडाभर घुश्शात होते. शेवटी बायको म्हणाली, "अहो, मी इतकी वर्षं तुम्हाला दिसतेय कशी, ते तरी नीट बघा एकदा." तेव्हा कुठे तयार झाले.

ऑपरेशननंतर पट्टी निघाली. समोर डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट लख्ख दिसला. त्याचा एक खिसा छातीवर, दुसरा जवळजवळ काखेत!

"कुठल्या गाढवाने शिवलाय हा?" मास्तर कडाडले.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "तुम्हीच, मास्तर. गेल्या वर्षी."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"सगळ्यांना," बायको म्हणाली. "तुमचं मन कोण मोडणार?"

विश्रांतीचे दिवस त्यांनी घरात येरझाऱ्या घालत काढले. मशीनवर बसायची परवानगी मिळाली त्या सकाळी दुकानावर पाटी लागली: 'वर्षभरातलं काहीही घेऊन या. फुकट उसवून शिवून मिळेल.'

पहिल्याच दिवशी बारा जण आले. शेजारचा न्हावी पाच शर्ट घेऊन आला आणि ओशाळून म्हणाला, "मास्तर, मला वाटायचं माझाच खांदा उतरलाय. दोन महिने व्यायाम करतोय मी."

मास्तर इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. बायकोने घाईघाईने रुमाल पुढे केला, "चोळू नका! डॉक्टरीणबाईंनी बजावलंय."