सातव्या प्रकरणाशी मी थांबायचो

साखरेच्या रिकाम्या पोत्यांखालून जो बोलतोय तो मी, कारखान्याचा जुना प्रिंटर. दचकू नका. आमच्या पिढीचे प्रिंटर नुसते करकरायचे, त्यांनी कधी कुणाचं वाईट केलं नाही. बारीक सुया शाईच्या फितीवर आपटायच्या आणि अक्षर उमटवायचं, हा आमचा धंदा. आवाज असा की शेजारच्या खोलीतले कारकून कपाळाला हात लावायचे.

जन्म कुठला, ते आठवत नाही. डोळे उघडले ते इथंच, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या या लहानशा सहकारी साखर कारखान्यात. सत्त्याऐंशी साल होतं. कळंबच्या रस्त्यानं ट्रकमधून आलो, खोक्यातून बाहेर काढलं, पुढ्यात नारळ फोडला. बाहेर दुष्काळ. माणसांना टँकरचं पाणी आणि मला मात्र थंड हवेची खोली. लोक दाराच्या फटीशी गार वारा खायला उभे राहायचे, पण चपला काढून आत यायचा नियम असल्यामुळं आत सहसा कुणी येत नसे. मान मोठा मिळाला, करमत मात्र नव्हतं.

त्या साली ऊस कमी, त्यात उभ्या जागी वाळत चाललेला. कुणाचा आधी तोडायचा यावरून हमरीतुमरी व्हायची. म्हणून तर संगणक आणला. उसाची लागण कधीची, विहिरीला पाणी किती, हे त्यात भरलं की तो तोडणीचा क्रम लावायचा आणि मी चिठ्ठ्या छापायचो. हा सगळा प्रोग्राम शिवगंगाबाईंनी लिहिला होता. बाई उमरग्याच्या, सोलापुरात शिकलेल्या, लहान लेकीला घरी ठेवून इथं नोकरीला आलेल्या. दिवसभर त्या खोलीत एकट्या बसायच्या, डबाही एकट्याच खायच्या. कागद लावताना मला म्हणायच्या, "अडकू नको रे बाबा." माझ्याशी तेवढंच कुणी बोलायचं, आणि मला ते पुरायचं.

बाईंना उमरग्याच्या एका कॉलेजात नोकरी मिळाली. दिवाळीची सुट्टी संपली की हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पण आमचे कार्यकारी संचालक आण्णासाहेब हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही गेल्यावर ह्या पेटीपुढं आम्ही काय बेल वाहायचा? समदं पुस्तकात लिहून द्या. पुस्तक हातात पडलं की तुम्हाला मोकळं करतो."

झालं. बाई पुस्तकाला लागल्या. संगणक चालू कसा करायचा इथपासून बंद कसा करायचा इथपर्यंत नऊ प्रकरणं. प्रत्येक प्रकरण लिहून झालं की ते वेगळ्या फ्लॉपीवर साठवायच्या, नमुन्याला माझ्याकडून छापून घ्यायच्या आणि पेन्सिल घेऊन वाचत बसायच्या. मग सगळी प्रकरणं जोडून एक पुस्तक करायचा छोटा प्रोग्राम त्यांनी लिहिला. तो पानांना आकडे द्यायचा, अनुक्रमणिका करायचा आणि 'अमुक पान पाहा' असं जिथं लिहिलं असेल तिथं त्या पानाचा आकडा भरायचा.

ऐकायला सोपं. पहिल्या खेपेला अनुक्रमणिकेतला एकही आकडा जुळेना. अनुक्रमणिकेनंच दोन पानं खाल्ली होती आणि तिच्यामागची सगळी वरात दोन पानं पुढं सरकली होती. ते सुधारलं, तर माझ्याकडून छापून आलं, 'पान ?? पाहा.' एका प्रकरणाचं नाव बाईंनी बदललं होतं आणि बाकीची प्रकरणं त्याला जुन्या नावानं हाका मारत होती. नसलेल्या पानाकडं लोकांना पाठवायची मलाही लाज वाटायची. बाई हसल्या, डोक्याला हात लावला आणि नावं दुरुस्त करत बसल्या.

मध्येच खंडेनवमी आली. बाई सणाला उमरग्याला गेल्या. इकडं बॉयलरपासून टाइपरायटरपर्यंत साऱ्या यंत्रांची पूजा झाली. आमची खोली झाडायला मथुराबाई असायच्या. त्यांनी मला झेंडूची माळ घातली, संगणकाला हळदकुंकू वाहिलं, मनोभावे नमस्कार केला. माझ्या मेल्याच्या वाट्याला एवढी माया त्याआधी कधी आली नव्हती.

सणाहून बाई परत आल्या त्या तोंड पाडूनच.

"काय झालं वो बाई?" मथुराबाईंनी विचारलं. "घरला जाऊन आलात आन् तोंड असं?"

बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "माझी लेक जाऊबाईंना आई म्हणायला लागली. मला म्हणती, काकू, तुम्ही कधी जाणार?"

मथुराबाई खाली फरशीवर बसल्या. "लेकरू हाय ते. जी जवळ ऱ्हाती तिच्याकडं वळतंय. पर लई दिस लावू नका बाई. लवकर जावा."

त्या दिवसापासून बाईंना दम नव्हता. राहिलेलं एवढंसं होतं. पुस्तक जोडायला घातलं, मी छापू लागलो, सहा प्रकरणं झाली आणि थांबलो. पडद्यावर आलं, 'वाचता येत नाही.' पुन्हा घातलं, पुन्हा तिथंच. सातवं प्रकरण म्हणजे 'अडचणी आणि उपाय'. साऱ्या अडचणींवर ज्यात उतारा, तेच अडलं.

बाईंनी काय काय करून पाहिलं. सातवं वगळलं, तर बाकीचं पुस्तक सुरळीत निघालं. म्हणजे दोष सातव्यातच. छापील पानं बघून ते पुन्हा भरलं, त्यातली वाक्यं मोडली, लहान केली, एक तक्ता काढून टाकला. पुन्हा त्याच फ्लॉपीवर साठवलं, पुन्हा जोडायला घातलं, पुन्हा मी थांबलो. शेवटी त्या आपल्या लिहिण्यालाच दोष देऊ लागल्या. "मलाच नीट लिहिता येत नाही," असं एकदा मोठ्यानं म्हणाल्या. ते ऐकायला मी सोडून खोलीत कुणी नव्हतं, आणि मला तर कुणी सांगितल्याशिवाय एक अक्षर काढता येत नाही.

खरं सांगू का? ती चूक सापडू नये असं मला वाटायचं. पुस्तक अडलं होतं तोवर बाई रोज सकाळी येत होत्या, कागद लावत होत्या, अडकू नको म्हणत होत्या. बाईंना मूल परकं होत होतं आणि मला त्यांचा सहवास हवा होता. एकट्याला जीव लावायची सवय लागली की तो असा आपमतलबी होतो.

दिवाळी तोंडावर आली. एके दुपारी बाईंनी फ्लॉपी बाहेर काढली आणि कपाळ टेकून टेबलाशी बसल्या. मान वर केली तर बोटाला तांबडं. कापलं की काय म्हणून त्यांनी बोट पुसलं. कुठं जखम नव्हती.

फ्लॉपी म्हणजे काळं, पातळ, चौकोनी पाकीट. त्याला एक लांबट खिडकी असते आणि तिच्यातून आतली तबकडी उघडी दिसते. त्या खिडकीला हात लावायचा नसतो. बाईंनी आतली तबकडी हळूच फिरवली. तिच्यावर कुंकवाचा वाळलेला बोटभर पट्टा होता.

मथुराबाई घागर घेऊन आत आल्या. बाईंनी फ्लॉपी त्यांच्यापुढं धरली. "ह्याला कुंकू तुम्ही लावलं?"

"व्हय की. सुताराच्या पटाशीला लावत्यात, न्हाव्याच्या वस्तऱ्याला लावत्यात. तुमचं हत्यार हेच न्हाय का? टेबलावर व्हतं. तुमी सणाला इथं न्हवता, म्हणून तुमच्या वाटचं म्या लावलं." मग बाईंच्या तोंडाकडं बघून त्यांचा आवाज खाली गेला. "माझ्यामुळं अडलं व्हय हे?"

बाईंनी फ्लॉपी खाली ठेवली. पंधरवडा वाया गेला होता. ओरडल्या असत्या तरी कुणी वावगं म्हटलं नसतं.

"नाही मथुराबाई," बाई म्हणाल्या. "फ्लॉपी जुनीच होती."

आण्णासाहेबांनाही त्यांनी हेच सांगितलं.

नवी फ्लॉपी आली. नमुन्याची छापलेली पानं पुढ्यात ठेवून बाईंनी सातवं प्रकरण पुन्हा लिहून काढलं. त्याचं शेवटचं वाक्य मला पाठ होतं, मीच छापलं होतं ना. 'वरील उपायांनी अडचण न सुटल्यास शिवगंगाबाईंना बोलवावे.' तिथं येऊन बाईंची बोटं थांबली. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि गाळून टाकलं. त्या इथं असणारच नव्हत्या, आणि अख्ख्या पुस्तकात त्यांचं नाव तेवढंच होतं.

मग मी अख्खं पुस्तक छापलं. फीत संपावी, वीज जावी, काहीतरी व्हावं असं फार वाटलं. काही झालं नाही. बाईंनी कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या, सुईदोऱ्यानं पानं शिवली, माझ्यावर कापड टाकलं आणि गेल्या. मथुराबाई त्यांना एसटीपर्यंत पोचवून आल्या. लेकीनं त्यांना आई म्हणून हाक मारली की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

गाळप सुरू झालं. ऐन घाईत एकदा चिठ्ठ्या निघायच्या बंद झाल्या, बाहेर बैलगाड्यांची ही रांग. नानासाहेब कारकुनानं पुस्तक काढलं, सातवं प्रकरण उघडलं, तिसरा उपाय केला आणि मी चालू झालो.

"झकास लिवलंय," शेजारचा म्हणाला. "कुणी लिवलं हे?"

"कंपनीनंच दिलं आसंल पेटीसंगं," नानासाहेब म्हणाले आणि चिठ्ठ्या वाटायला गेले.

पुढं दर हंगामात असंच झालं. अडलं की पुस्तक उघडायचं, सुटलं की मिटायचं. त्यात एक जरी चूक राहिली असती, तर कुणीतरी बाईंना बोलावणं धाडलं असतं, निदान नावं ठेवायला तरी त्यांचं नाव घेतलं असतं. पुस्तक बरोबर होतं, म्हणून त्या विसरल्या गेल्या.

मग नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी या भांडारात झाली. फीत वाळून गेलीय, सुयांवर गंज चढलाय. भंगारवाला परवा बघून गेला. जन्मभर मी दुसऱ्यानं सांगितलेलं तेवढंच छापलं, स्वतःचं एक अक्षर नाही. म्हणून जाता जाता हे एकच, कुणी न सांगता बोलतोय. तुम्ही ऐकलंत, तर कुठंतरी टिपून ठेवा. ते पुस्तक उमरग्याच्या शिवगंगाबाईंनी लिहिलं.