मुलगी होती

बदकाचं पीस हललं नाही. अपोलोनियाने ते पुन्हा एकदा बाळाच्या ओठांशी धरलं, स्वतःचा श्वास आवरला आणि खिडकीतून येणाऱ्या फेब्रुवारीच्या करड्या उजेडात नातवंडाच्या निळ्या तोंडाकडे बघत राहिली. बाळ गळ्यापर्यंत पट्ट्यांत घट्ट गुंडाळलेलं होतं. गुंडाळणारी वाल्बुर्गा सुईण शेजारीच हात पुसत उभी होती. पलंगावर अपोलोनियाची सून रेगीना शुद्ध हरपून पडली होती.

"थोडं पाणी घाल ना गं कपाळावर," अपोलोनिया कुजबुजली. "जरा हललं होतं म्हणून सांगू. मीपण सांगेन. कोण विचारतंय?"

"देव विचारेल. मेलेल्याला बाप्तिस्मा नसतो. हात बाहेर आला तेव्हाच नाडी नव्हती."

"स्वयंपाकघरात दारू गरम करायला गेले तेवढ्यात सगळं उरकलंस. तुझ्या जिभेला दयामाया कधी शिवलीच नाही."

वाल्बुर्गाने बाळाच्या पट्ट्या पुन्हा हातात घेतल्या. तिच्या पिशवीत कथलाची छोटी झारी असे. तीस वर्षांत त्या झारीतलं पाणी तिने कितीतरी मिणमिणत्या जिवांवर घातलं होतं. काही जगले, काही त्या पाण्याच्या थेंबासकट स्वर्गात गेले. पण ज्याच्यात जीवच नव्हता त्याच्यावर तिने झारी कधी वाकडी केली नाही. सव्वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलाच्या वेळी खोलीत ती एकटी होती, झारी हाताशी होती, विचारायला कुणी नव्हतं. तेव्हाही तिने खरंच सांगितलं होतं. ते मूल कॅथलिक दफनभूमीच्या भिंतीबाहेर, बेवारशी भिकारी आणि गळफास घेतलेल्यांच्या ओळीत पडलं होतं. तेव्हाचे फादर म्हणाले होते, त्याला नरकाची आग लागणार नाही, पण देवाचं तोंडही दिसणार नाही.

जिन्यावर पावलं वाजली. खाली मागावर बसलेला बाप, आन्सेल्म विणकर, दारात येऊन थांबला. पिसाकडे बघूनच त्याला काय ते कळलं.

"काय होतं?" त्याने विचारलं.

विचारायला कारण होतं. वाइडनाख गावात चर्च एक आणि पंथ दोन. सकाळी दहाच्या टोल्यापर्यंत चर्च कॅथलिकांचं, पुढे प्रोटेस्टंटांचं. आन्सेल्म सातच्या प्रार्थनेचा, रेगीना दहाच्या. अशा लग्नांत करार लिहिलेला असे: मुलगे बापाच्या पंथाचे, मुली आईच्या. मेलेल्यालाही तो करार सुटत नसे. मुलगा असला तर भिंतीबाहेर. मुलगी असली तर प्रोटेस्टंटांच्या मातीत. त्यांचे पाळक म्हणत, आईने पोटातल्या बाळासाठी प्रार्थना केली होती ना, मग पुरे. झारीभर पाण्यावाचून देवाची दया अडत नाही.

वाल्बुर्गाने पट्ट्यांची शेवटची गाठ आवळली.

"मुलगी होती," ती म्हणाली. "उघडू नका. कातडी सोलवटलीय, बघवणार नाही."

अपोलोनियाने पीस शेगडीत टाकलं. "म्हणजे त्यांची," एवढंच बोलून ती खाली निघून गेली.

आन्सेल्म जिन्याच्या पायरीवर बसला. "बरं झालं," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याने तोंडावर हात धरला. मग म्हणाला, "मुलगा असता तर... मावशी, तुम्हाला तर ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे."

तिसऱ्या दिवशी फळ्यांची हातभर शवपेटी वाल्बुर्गाने काखेत धरून नेली. रीतच होती, ज्या हातांनी जगात आणलं त्याच हातांनी पोचवायचं. प्रोटेस्टंटांच्या फाटकाशी तिने पेटी पाळकांच्या हाती दिली आणि बाहेरच थांबली. बर्फ भुरभुरत होतं. आत बायका गात होत्या:

दार नाही, कडी नाही, देवा तुझ्या घरा,
इवल्याशा पावलाला कशाला उंबरा.

कॅथलिक म्हणून वाल्बुर्गाने कान झाकून घ्यायला हवे होते. तिने डोक्यावरचा रुमाल कानांमागे सारला.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ती पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडे फादर कास्पर होते, पाववाल्याचा धाकटा मुलगा. काळानिळा जन्मला होता. त्याच्या कपाळावर पहिलं पाणी वाल्बुर्गानेच घातलं होतं.

"खोटं बोलले, फादर."

"कुणाशी?"

"सगळ्यांशी. आन्सेल्मच्या घरी मुलगा झाला होता."

फादर जाळीजवळ सरकले.

"मावशी, दरवर्षी नगरसभेपुढे दोन बोटं वर करून तुम्ही शपथ घेता, जन्माचं खरं तेच सांगेन म्हणून."

"घेते."

"मग बापाला खरं सांगा. आजच. मी लगेच क्षमा देतो."

"मग पोराला उकरून काढतील."

"कदाचित."

"आणि भिंतीबाहेर टाकतील."

"बाप्तिस्मा झालेला नाही, मावशी. तो नियम मी केलेला नाही."

"तुम्ही कसा कराल? तुम्ही कालचं पोर."

फादर हसले नाहीत. "एकच विचारतो," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांच्या प्रार्थनेने ते मूल तरलं, असं वाटतं का तुम्हाला?"

वाल्बुर्गाने नुसतं नाही म्हणायचं होतं. एक शब्द, आणि निम्मं ओझं उतरलं असतं.

"ठाऊक नाही, फादर. तरलं असलं तर बरं, असं वाटतं."

"म्हणजे आपलं चर्च चुकतं?"

"चुकत असेल तर माझं पोर सव्वीस वर्षं उगाच बाहेर पडलंय. चुकत नसेल तर ते कायमचं बाहेर आहे. यातलं कुठलं खरं म्हणू, तुम्हीच सांगा."

जाळीपलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. हाच श्वास तिने एकदा दोन तळव्यांत चोळचोळून सुरू केला होता.

"मला क्षमा देता येत नाही," फादर म्हणाले.

"कळलं. तुमचं काम आहे ते." गुडघ्यावर हात रोवून ती उठली.

त्या ईस्टरला सगळं गाव ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे गेलं आणि क्षमा न मिळालेली वाल्बुर्गा मागच्या बाकावर बसून राहिली. पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्याही. फादरांच्या तोंडून अक्षर बाहेर पडलं नाही, पण ती बाकावर मागे राहिलेली सगळ्या गावाला दिसत होती. "म्हातारी दहाचा टोला पडायची वाट बघतेय," विहिरीवर बायका म्हणायच्या. "बघू दे. तिकडं बसायला गादी देतात म्हणे." हळूहळू कॅथलिक घरांतून बोलावणी थांबली. प्रोटेस्टंटांची सुईण वेगळी होती. झारी खुंटीवर काळी पडली, आणि वाल्बुर्गा विणकरांसाठी सूत कातू लागली.

रेगीना मात्र यायची. तिला पुढे दोन मुलं झाली, दोन्ही मुलगे. रविवारी सातला बापाच्या दोन बाजूंनी दोघे निघायचे, आणि दहाला रेगीना एकटी. प्रार्थना संपली की लेकीच्या थडग्यावर जायची, आणि परतताना वाल्बुर्गाच्या उंबऱ्याशी टेकायची.

"माझ्या वाट्याला तेवढी एकच आली, मावशी," ती म्हणायची. "रोझिना म्हणते मी तिला. तिच्याशी बोलते. पोरांशी बोलता येत नाही ते सगळं तिच्याशी बोलते." मग दरवेळी तेच विचारायची. "केस कसे होते हो?"

"काळे. कानांवर आलेले."

"यांच्यासारखे?"

"तुझ्यासारखे." चरख्याची चाती फिरत राहायची.

एकदा रेगीनाने तिचा हात धरला. "लोक काहीबाही म्हणतात. म्हणूनच सांगते, आमच्यात या. असं अधांतरी किती दिवस राहाल? उद्या डोळे मिटले तर फादर आत घ्यायचे नाहीत. आमचे पाळक घेतील. माझ्या रोझिनाजवळ जागा आहे."

वाल्बुर्गाने सुताची गुंतवळ सोडवली. मग म्हणाली, "माझं पोर तिकडं आहे ना. कॅथलिकांच्या भिंतीला. एकटंच."

"पण मावशी, ते तर भिंतीबाहेर..."

"तेच सांगतेय."

नवव्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला आणि वसंत आला तरी उतरला नाही. एका दुपारी ती काठी टेकत भिंतीमागे गेली. उत्तरेची बाजू, ऊन न पडणारी. तिच्या मुलाच्या जागेवर तिने ठेवलेला दगड होता, मुठीएवढा, आणि त्याच्या पुढे खाजऱ्या पानांचं रान माजलं होतं. काठी भिंतीला लावून ती वाकली आणि एकेक झुडूप मुळापासून उपटू लागली.

"काय करताय, मावशी?"

भिंतीच्या आतल्या बाजूला फादर कास्पर उभे होते. भिंत छातीपर्यंतच होती. त्यांचे केसही आता कानांवर पांढरे झाले होते.

"जागा करतेय."

फादरांनी भिंतीवर हात टेकले. "अजूनही वेळ गेलेली नाही," ते म्हणाले. "एक शब्द, मावशी. रेगीनाला नाही सांगितलं तरी चालेल. फक्त आन्सेल्मला."

"तिला एकच मुलगी आहे, फादर."

खोकल्याची उबळ आली, ती भिंतीला धरून थांबली. तळहात पुरळ उठून लाल झाले होते. फादरांनी आपल्या हातांतले हातमोजे काढले, भिंतीवर ठेवले आणि मान खाली घालून थडग्यांमधून परत गेले. दोन्ही पंथांच्या प्रार्थना केव्हाच संपल्या होत्या. चर्च कुलूप लावून गप्प उभं होतं.

वाल्बुर्गाने दगडाला टाच लावून पुढे पावलं मोजली. तिच्या उंचीची जागा व्हायला अजून हातभर रान शिल्लक होतं. हातमोजे भिंतीवर होते तिथेच होते. घागरा खोचून ती पुन्हा वाकली.