दुफाट्यावर अडलेलं वाक्य

मी एक जुना वाटाड्या आहे. मित्रांनो, लगेच माझे पाय शोधू नका. मला पाय नाहीत, पानं आहेत. दूर वाळवंटात एक लांबलचक घळई आहे. लाल खडकांची, वळणावळणांची, आणि इतकी अरुंद की आतून वर पाहिलं तर आभाळाची नुसती चिंधी दिसते. त्या घळईतून आणि तिच्या आसपासच्या दऱ्यांतून पायी कसं फिरायचं, हे सांगणारं मी पुस्तक. पुस्तकाला लोक ‘ते’ म्हणतात, पण मी स्वतःला वाटाड्याच समजतो. एवढी मिजास या वयात मला शोभते.

माझा जन्म छापखान्यातला. मोठमोठ्या कागदांवर दोन्ही बाजूंनी मजकूर छापतात, मग त्या कागदाच्या घड्या घालून पानांचा जुडगा करतात. अशा एका जुडग्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की झालो मी. पण माझी शिलाई घाईत उरकलेली होती. कुणी मला जरा रुंद उघडलं की माझी पाठ करकरायची.

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्यानं, आपल्या नव्या नवरीला भेट म्हणून. ती बाइंडर होती. नवऱ्यानं मोठ्या हौसेनं आणलेलं पुस्तक तिनं हातात घेतलं, आणि चित्रं बघायची सोडून माझी पाठ बघितली.

“अहो, ही शिलाई कुणी घातलीय? पहिल्यांदा उसवा हे.”

चष्मेवाल्याचा चेहरा पडला. माझाही पडला असता, पण ती खरंच मला घेऊन बसली. जुना दोरा काढला, नवा मेणाचा दोरा ओवला, टोच्यानं भोकं सारखी केली आणि अशी शिलाई घातली की आजवर माझं एक पान आपणहून सुटलेलं नाही. त्या दिवसापासून मी त्या बाईचा झालो.

त्यांचं दुकान एकच होतं. पुढच्या काचेत चष्मे, मागच्या टेबलावर पुठ्ठे, खळ आणि दाबयंत्र. दुकानाच्या वर घर. आणि घरात एक रीत होती, ती मला फार आवडायची. सुट्टीला निघायच्या आधी पुस्तकं निवडायची. कपडे, खाणं, औषधं हे सगळं नंतर. जेवणाचं टेबल मोकळं करायचं, दोघांनी आपापली पुस्तकं मांडायची आणि प्रत्येकासाठी भांडायचं. मग सगळी निवडलेली पुस्तकं सॅकमध्ये भरून चष्मेवाल्यानं जिना चढायचा आणि उतरायचा. त्याला धाप लागली की एक पुस्तक बाहेर. पुन्हा जिना. शेजारच्यांना वाटायचं, हा माणूस रोज घर बदलतो की काय!

घळईला जायचं ठरलं त्या वर्षीचं भांडण मला जसंच्या तसं आठवतं. टेबलावर खडकांचं पुस्तक होतं, ताऱ्यांचं होतं, एक जाडजूड कादंबरी होती आणि विंचवांचं एक रंगीत पुस्तक होतं.

“विंचवांचं हवंच,” चष्मेवाला म्हणाला.

“विंचू दिसला की तुम्ही आधी पुस्तक काढून त्याचं नाव शोधणार का?”

“नाव कळलं की जरा बरं वाटतं गं.”

“त्याला की तुम्हाला?”

विंचू बाहेर गेले. कादंबरीही गेली. ताऱ्यांच्या पुस्तकासाठी चष्मेवाला रुसून बसला, म्हणून ते राहिलं. उरलो मी. माझं वजन काही कमी नव्हतं. पण बाइंडरबाईकडे त्यावर उपाय होता. सगळ्या पुस्तकाचं ओझं कशाला? हव्या तेवढ्या वाटेचे फर्मे सोडवून न्यायचे, बाकीचा मी घरी, आणि परत आल्यावर पुन्हा शिवायचं. असं तिनं लहानसहान सहलींना कितीदा केलं होतं. दोरा कापताना सुरुवातीला माझ्या अंगावर काटा यायचा. मग सवय झाली. उलट कुणी वर्षभर उसवलं नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

तिनं घळईचे फर्मे सोडवले, पातळ पुठ्ठ्यात घातले आणि दोघं निघाली.

आणि मित्रांनो, चूक झाली ती इथेच. दुसऱ्या कुणी मला फाडलं असतं, तर प्रकरण कुठे संपतं ते बघून फाडलं असतं. पण ही पडली बाइंडर! तिनं मला मजकुरावरून नाही, शिलाईवरून सोडवलं. फर्मा संपतो तिथे मजकूर संपतोच असं नाही, हे तिला माहीत नव्हतं थोडंच? पण निघायची घाई, आणि हातांची सवय. डोळ्यांनी वाचायच्या आधी हातांनी दोरा कापला.

घळईत उतरल्यावर दोन दिवस मजेत गेले. ती मला हातात धरून चालायची, मोठ्यानं वाचायची. मी सांगितलेला प्रत्येक खडक जागच्या जागी होता. मला कोण अभिमान वाटत होता! मग दुफाटा आला. घळईला दोन तोंडं फुटली. सारखीच रुंद, सारखीच लाल. बाटल्यांतलं पाणी अर्ध्यावर आलेलं. ती सावलीत उभी राहिली आणि वाचू लागली.

“दुफाट्यावर थांबा. इथून पुढे पाणी एकाच ठिकाणी मिळतं, ते म्हणजे...”

तिनं पान उलटलं. पान नव्हतं. पुढचा फर्मा घरी, कपाटात!

“म्हणजे?” चष्मेवाल्यानं विचारलं.

“म्हणजे काही नाही. संपलं.”

“असं कसं संपलं? वाक्य तरी पुरं करेल की नाही माणूस!”

“माणसानं केलंय पुरं. मी कापलंय.”

मग दोघं भांडली. तो म्हणाला, उजवीकडे थोडं जाऊन बघू. ती म्हणाली, नाही मिळालं तर परतीचं पाणी पुरणार नाही. तो म्हणाला, इतक्या लांब येऊन? ती म्हणाली, इतक्या लांब येऊन तहानेनं मरायचं का? तिचं बरोबर होतं. मी तिच्या हातात होतो आणि मला एक अक्षर पुढे बोलता येत नव्हतं. तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्याच पुस्तकाच्या वाट्याला येऊ नये. दोघं मागे फिरली.

घरी आल्यावर चष्मेवाला तसाच बुटांसकट कपाटाकडे धावला. तिनं त्याचा हात धरला.

“वाचायचं नाही. त्या वाक्यानं मला परत फिरवलंय. आता ते तिथेच उभं राहून वाचायचं. पुढच्या वर्षी.”

तिनं पुढच्या फर्म्यावर एक कोरा कागद ठेवला, म्हणजे शिवताना नजर पडायला नको, आणि त्या कागदासकट मला शिवून टाकलं. बाई मोठी हट्टी होती.

पुढच्या वर्षी शाळांची खूप पुस्तकं बांधायला आली. त्याच्या पुढच्या वर्षी ठकी झाली. ठकी म्हणजे त्यांची मुलगी, आणि हे तिचं लाडाचं नाव. मग ठकीचं दुखणं, ठकीची शाळा. सुट्टी मिळायची, पण घळईइतकी लांब कधी मिळायची नाही.

आणि आता एक गोष्ट सांगतो. एकदा दुपारी बाइंडरबाई बांधलेली पुस्तकं पोचवायला बाहेर गेली होती. चष्मेवाल्यानं इकडेतिकडे बघितलं, मला कपाटातून काढलं, कोरा कागद हळूच उचलला आणि भिंग लावून ते वाक्य वाचलं. पुरं वाचलं! मग कपाळावर हात मारून इतका हसला की चष्मा लावून बघणारं एक गिऱ्हाईक दचकलं.

“काय झालं हो?”

“काही नाही. बऱ्याच वर्षांची लांबची गोष्ट एकदम जवळ दिसली.”

मला होतं तसं जागेवर ठेवलं. संध्याकाळी जेवताना तो सहज म्हणाला, “यंदा जायचं का गं घळईला?” ती म्हणाली, “यंदा नको, पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी पुन्हा त्यानं विचारलं. दरवर्षी विचारत राहिला. पण वाक्यात काय आहे ते त्यानं कधी सांगितलं नाही. तिला ते तिथे उभं राहून वाचायचं होतं ना, म्हणून. चांगला माणूस होता तो. मला त्याची फार आठवण येते.

तो गेला. चष्म्यांची काच रिकामी झाली. बाइंडरबाईची बोटं आखडली, गुडघे धरले. ठकीनं मला काचेच्या कपाटात ठेवलं, बाबांनी आईला दिलेलं पहिलं पुस्तक म्हणून. येणारे-जाणारे म्हणायचे, “वा, किती जपलंय!” कौतुक गोड लागतं, खोटं कशाला सांगू? पण हळूहळू माझी पानं एकमेकांना चिकटली. दोऱ्याला बोटांची सवय राहिली नाही. मी नुसता उभा राहायला लागलो.

या वर्षी ठकीनं ठरवलं, मैत्रिणीबरोबर घळईला जायचं. घराच्या रीतीप्रमाणे टेबल मोकळं झालं. तिची पुस्तकं नवी, चकचकीत. नकाशांचं एक, झाडांचं एक, पावसाआधी घळईतून कसं निघावं याचं एक, आणि यंदा कुठला झरा वाहतोय ते सांगणारी वनखात्याची पुस्तिका. आई खुर्चीत बसून एकेक पुस्तक हातात तोलत होती.

“पाण्याला हीच पुस्तिका धर,” ती म्हणाली. “पाण्याच्या बाबतीत सगळ्यात नवं पुस्तक खरं. दुफाट्यापुढचं काय लिहिलंय ते मला मात्र सांगू नकोस. झाडांचं ठेव, त्याचं वजन बघ जरा. आणि कपाटातून त्याला काढ.”

‘त्याला’ म्हणजे मला! माझ्या पानापानांत धडधड झाली.

“आई, ते नको. ते खराब होईल.”

“दोन फर्मे सोडव आणि ने.”

“मी बाबांचं पुस्तक कापणार नाही.”

“कापायचं नाही गं, उसवायचं. बाबांचंच आहे म्हणून ने. मी आता जायची नाही, ठके. हे गुडघे मला जिना उतरू देत नाहीत. तू त्या दुफाट्यावर उभी राहा, आणि ते वाक्य वाच. एवढंच हवंय मला. रस्ता दाखवायला नवी पुस्तकं आहेत.”

ठकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं कात्री घेतली. आई शेजारून सांगत होती, “तो दोरा नाही. त्याच्या खालचा. अगं, खेचू नकोस, केस विंचरत नाहीयेस!” दोरा सुटला. किती वर्षांनी मी श्वास घेतला! या वेळी जिथे वाक्य तुटतं त्याच्या अलीकडचा फर्माही निघाला आणि पलीकडचाही. कोरा कागद तसाच मध्ये. मग सॅक पाठीला लावून ठकी जिना चढली-उतरली, आणि झाडांचं पुस्तक बाहेर आलं.

ती परतली तेव्हा माझ्या घड्यांत लाल रेती होती. पानांचे कोपरे मुडपले होते. मी इतका खुशीत होतो की काय सांगू!

“वाचलंस?” आईनं दारातच विचारलं.

“वाचलं. तिथे उभं राहून. सांगू?”

“नको. दे इकडे. तू वाचलंस म्हणजे माझे पाय पोचले.”

तिनं आखडलेल्या बोटांनी कोरा कागद बाजूला केला, आणि दोन्ही फर्मे शेजारी ठेवून ते वाक्य पहिल्यापासून वाचलं.

“दुफाट्यावर थांबा. इथून पुढे पाणी एकाच ठिकाणी मिळतं, ते म्हणजे उजव्या तोंडाच्या पहिल्याच वळणावरच्या कपारीत. हाकेच्या अंतरावर.”

“आहे, आई,” ठकी म्हणाली. “अजून आहे. ओंजळ भरेल एवढंच, पण थंडगार.”

“हाकेच्या अंतरावर!” आई हसू लागली. “अगं, आम्ही तिथे एवढं भांडलो. त्या कपारीला सगळं ऐकू गेलं असेल!” हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. “त्यांना हे कळायला हवं होतं गं. दरवर्षी जाऊ या म्हणायचे. मीच नको म्हणत राहिले. बिचारे काही कळल्याशिवायच गेले.”

बाई, त्यांना ठाऊक होतं! त्यांनी वाचलं होतं, आणि भिंग हातात धरून पोटभर हसले होते. म्हणून तर दरवर्षी विचारायचे. हे मला ओरडून सांगायचं होतं. पण मित्रांनो, माझ्यात जे छापलंय तेवढंच मला बोलता येतं.

आता ठकी मला शिवते आहे. टाके वाकडे पडताहेत आणि आई रागवते आहे. मी पुन्हा काचेच्या कपाटात जाणार नाही, असं आईनं बजावलंय. माझं काही मागणं नाही. फक्त आम्हां पुस्तकांची शिलाई सैल झाली तर शिवून घ्या, आणि आम्हांला नुसतं शोभेला उभं करू नका. आणि तुमच्या घरात कुणी एखादं पान पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलं असेल, तर ते आजच उघडा. शेजारी बसलेल्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. त्याला ते आधीच ठाऊक असलं, तरी वाचा.