मागच्या भिंतीच्या विटा

भिंत पाडणारा माणूस विटा रचून ठेवतो का हो? या एका प्रश्नानं शुभांगीबाईंच्या डोक्याचा पार भुगा करून टाकला होता. चोरानं पाडली असती तर विटा त्याच्या घरी गेल्या असत्या. गुरांनी पाडली असती तर तुकडे झाले असते. इथं मात्र शाळेच्या मागच्या भिंतीला दोन बैल जोडीनं जातील एवढं खिंडार, आणि बाजूला काढलेल्या विटा एकावर एक, माती झटकून, लग्नघरच्या पत्रावळींसारख्या नीट लावून ठेवलेल्या.

शुभांगीबाई मूळच्या वांकिडीकडच्या. दसऱ्याच्या सुट्ट्या संपल्यावर त्या बदलून करंजखेडला मुख्याध्यापिका म्हणून आल्या. भीमपूर मंडळातलं, म्हणजे तिकडच्या तालुक्यातलं, हे गाव तेलुगू मुलखात, पण महाराष्ट्राच्या अगदी बांधाला बांध लावून. शाळा मराठी माध्यमाची, कागद तेलुगूत आणि साहेबाशी बोलणं हिंदीत, असा सगळा कारभार. बाईंच्या अंगात लहानपणापासून एक खोड होती. एखाद्या गोष्टीचं 'का' कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. वडील म्हणायचे, हिला वकील करायला हवी होती.

त्यातच शाळांच्या सुरक्षेसाठी सरकारी निधी निघाला. पक्की भिंत, फाटक, कॅमेरे, जे हवं त्याचा अर्ज करा म्हणून. बाई दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या कचेरीत हजर झाल्या. तिथले इंजिनियर राजन्ना अर्ज पाहून हसले.

"मॅडम, इस दीवार को दो बार पैसा दिया. दोनो बार उसीच जगह गिरी. अब ऊपरवाले पूछेंगे, क्यों गिरती? तुम्हारे पास जवाब है क्या?"

राजन्ना म्हणाले, शुक्रवारी मी जागा बघायला येतो, तोवर कारण शोधून ठेवा. कारणाशिवाय ही फाईल पुढं सरकायची नाही.

आता एखादी म्हणाली असती, जाऊ द्या ना, भिंत काय आज पडलीय? पण खिंडाराच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर कपाशीच्या शेतात एक बिनकठड्याची विहीर होती आणि यंदा ती काठोकाठ भरली होती. आणि पहिलीतली पूनम, एवढीशी पोर, जरा नजर चुकली की त्या खिंडारातून पसार व्हायची. परवा तर बाईंनी तिला विहिरीच्या तोंडाशी वाकलेली पाहिलं होतं. तिला उचलून आणून बाईंनी वर्गात बसवलं आणि दाराला कडी घातली. भिंत झाली नाही तर एक दिवस पोर जाईल, ही भीती त्यांच्या मानगुटीवर बसली होती.

म्हणून मग बाईंनी गावात विचारायला सुरुवात केली. अन् काय सांगू, जितकी तोंडं तितकी कारणं! एक जण म्हणाला, भिंत बांधणाऱ्या गुत्तेदारानं सिमिट खाल्लं. दुसरा म्हणाला, पाण्याचा लोंढा येतो. किराणावाला भूषण म्हणाला, "तिथली जमीनच पोकय हाय, खचते, मॅडम," आणि लगेच साखर मोजायला लागला, गिऱ्हाईक नसताना. साऱ्यांची उत्तरं ठणठणीत होती, पण डोळ्याला डोळा कोणी देत नव्हतं.

शाळेत जेवण रांधणाऱ्या रेणुकाबाईंनी तर कमालच केली. त्या म्हणाल्या, "गुरं पाडतेत, मॅडम."

"मावशी, गुरं विटा रचून ठेवतात का?"

"आमच्या गावची गुरं लई शिस्तीची हायेत," असं म्हणून त्या बिनदिक्कत कांदा चिरत राहिल्या.

बाईंना हसूही आलं आणि रागही आला. त्या तडक भिंतीपाशी गेल्या. उरलेली सगळी भिंत सिमेंटची. या एवढ्याच पट्ट्यात सिमेंटचा कणही नाही, कडेला नुसती वाळलेली माती. म्हणजे हा तुकडा कुणीतरी मुद्दाम मातीत रचला होता, पुन्हा काढता यावा म्हणून. आणि रचलेल्या विटांवर गवत चढलेलं. म्हणजे त्या कधीच परत लागायला हव्या होत्या, पण कुणीतरी लावल्या नव्हत्या. बाई परत स्वयंपाकाच्या खोलीत आल्या.

"मावशी, त्या विटा परत कोण लावतं?"

"लावतीन ना तो, लावतीन. त्याच्याच घरची बारी हाय," रेणुकाबाई बोलून गेल्या आणि जीभ चावली.

"कोणाच्या घरची?"

"अगं माय, वरण बुडाले लागून राह्यलं!" म्हणत त्या चुलीकडं पळाल्या. वरण कुठं लागलं होतं? चुलीवर भाताचं पातेलं होतं.

मग बाईंच्या मनात आलं, साऱ्या गावाला विचारलं, जी त्या खिंडारातून रोज जाते तिलाच विचारलं नाही. मधल्या सुट्टीत त्यांनी पूनमला जवळ घेतलं, हातात चिक्की दिली.

"तिकडं काय आहे गं, पूनम?"

"आजी."

"आजी विहिरीवर असते?"

"नाई. आजी तिकून गेली. बाबानं अन् काकानं खांद्यावर नेली. मले बायाइनं इथंच धरून ठेवलं." पूनमनं चिक्कीचा तुकडा तोडला. "अजून आली नाई. तं मी पाह्यले जातो."

बाई उठून शाळेच्या पुढच्या दाराशी गेल्या. समोर सडक, सडकेवर पिंपळाखाली शेंदूर लावलेला मारुती. गावाची मसणवट त्याच सडकेनं पुढं गेलं की डावीकडं. बाई बौद्ध घरातल्या, त्यांच्या गावी त्यांची मसणवट वेगळी, वाट वेगळी, त्यामुळे मारुतीची ही अडचण त्यांच्या कधी ध्यानातच आली नव्हती. आता मात्र सगळा उलगडा झाला. फक्त एक गाठ सुटायची होती, विटा तशाच का राहिल्या?

पूनमचे आजोबा नागोराव शाळा समितीचे अध्यक्ष. अर्जावर सही त्यांचीच लागणार होती. त्यांची बायको सखूबाई आखाडात वारल्याचं बाईंनी वाटेत विचारून घेतलं होतं. दुपारी नागोराव ओसरीवर बसून वेचलेल्या कापसातला काडीकचरा काढत होते. बाई समोर बसल्या आणि भिंतीचं नावही न काढता म्हणाल्या, "मामा, सखूबाईंना कुठून नेलं?"

म्हाताऱ्याचा हात कापसात थांबला.

"मौतीले मारुतीपुढून नेत नाई, मॅडम. बापजाद्यापासून नाई. मंग वाट एकच, शाळेच्या अंगनातून. शाळा मांगून आली, वाट पयलेची हाय."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"कोनाले सांगावं? सरकारी भिंत पाडली म्हून केस लागली असती. आन् लेकराइच्या शाळेत मौतीची गोष्ट कोन काढते? मंग आमीच तेवढा तुकडा मातीत रचला. कोनी गेलं का विटा काढाच्या, तेरवी झाली का त्याच्या घरच्यानं परत लावाच्या."

"सखूबाईंची तेरवी तर आखाडातच झाली, मामा."

"झाली." नागोरावांनी कापूस बाजूला सारला. "दोनदा गेलो मी. वीट हातात घेतली. पन तिच्यामांगं आपल्याच हातानं वाट बंद कराची... हात उचलला नाई. गावानंबी मले टोकलं नाई."

इतके दिवस गावभर खोटं का बोललं जात होतं ते बाईंना आता कळलं. एका म्हाताऱ्याचं दुःख साऱ्या गावानं आपल्या पदराखाली झाकलं होतं. पण झाकलेलं उघडल्यावाचून इलाज नव्हता.

"मामा, त्या वाटेनं पूनम विहिरीवर जाते. आजीला शोधायला."

नागोरावांनी वर पाहिलं. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. मग ते म्हणाले, "मले काऊन कोनी सांगतलं नाई?" आणि लगेच मान खाली घातली, कारण गाव का गप्प होतं हे त्यांनीच आत्ता सांगितलं होतं.

शुक्रवारी राजन्ना मोटरसायकलवरून आले. बाईंनी अर्जात भिंतीसोबत मागच्या बाजूला एक फाटक मागितलं होतं, शाळेच्या वेळात कुलूपबंद. राजन्ना बुचकळ्यात पडले. फाटक पुढं असतं, मागं कशाला? बाई सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात नागोराव पुढं झाले आणि साऱ्या गावासमोर त्यांनी सगळं सांगून टाकलं. केस करायची तर माझ्या नावावर करा, हेही सांगितलं. भूषण किराणावाला जमिनीकडं पाहत उभा होता.

राजन्नांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हमारे गाँव में भी हनुमानजी सडक पे-च है," ते हळूच म्हणाले. मग वहीत तीन फुटांचं फाटक काढायला लागले.

"तीन फुटात नाई होत, सायेब," नागोराव म्हणाले. "तिकून मानूस एकटा जात नाई."

शेवटी शाळेची बांबूची शिडी आणली, चौघांनी खांद्यावर घेतली आणि खिंडारातून चालून दाखवली. राजन्नांनी टेप लावला, आकडा लिहिला आणि भिंत का पडते या रकान्यात नागोरावांनी सांगितलं तस्संच खरं कारण लिहून खाली सही ठोकली. मंजुरी वरून येईल, त्याला महिने लागतील, पण फाईल आता अडणार नाही, एवढं बोलून ते चहा पिऊन गेले.

महिने! पण विहीर काय महिने थांबणार होती? बाई तोच विचार करत मागं वळल्या, तर नागोराव घमेल्यात माती कालवत बसलेले.

शाळा सुटली होती. पूनम धावत आली आणि कुणी न सांगता एकेक वीट आजोबांच्या हातात द्यायला लागली. पहिला थर लागला, दुसरा लागला. तिसऱ्याला ती थांबली.

"आबा, आजी आली तं कुठून येईन?"

नागोरावांचे हात मातीत तसेच राहिले.

"आजी येत नाई, माय," ते म्हणाले. आखाडापासून हे शब्द त्यांनी कोणापुढं काढले नव्हते. "तिकून गेलेलं मानूस येत नाई."

पूनमनं खिंडारातून पलीकडं पाहिलं, मग आजोबांकडं पाहिलं. वीट छातीशी घट्ट धरून ती म्हणाली, "मंग तू नोको जाऊ."

"बरं," नागोराव म्हणाले. "दे वीट."