डोळे मिटून बोट

आमच्या दलदलीत दर वसंतात पक्षी बघण्याची स्पर्धा असते आणि ती आम्हीच जिंकतो. बढाई मारत नाही, खरं तेच सांगते. त्याचं कारण झेंझेलेदादाचा नियम. आवाज आला की तिघांनी डोळे मिटायचे, तोंडही मिटायचं आणि आवाज आला तिकडे बोट करायचं. तिन्ही बोटं एकीकडे वळली तरच पक्षी मोजणीत धरायचा.

ऑक्टोबरची सकाळ होती, इकडे दक्षिण गोलार्धात वसंत तेव्हाच येतो; जाळलेल्या गवतातून हिरवे कोंब वर आले होते. मी, दादा आणि आमची भाची झानेले गरम आमाग्विन्या, पिठाचे तळलेले गोळे, खात काठाला उभे होतो. क्रौंच झाला, लव्हाळ्यातला घुमणारा बगळा झाला. दादा खुशीत होता.

"नोक्वाझी, एवढ्या जोरात चावू नकोस गं. पक्षी पळतील."

"तुझ्या घोरण्याने नाही पळाले ते?"

मग वटवट्या गायला लागला, आभाळात उंच ठिपका होऊन अगदी बारीक आवाजात. मी वर बोट केलं आणि हळूच एक डोळा उघडला. दादाचं बोट हवेत चाचपडत होतं. शेवटी ते खाली पाण्याकडे गेलं. बारीक आवाज दादाला ऐकूच येत नव्हते. पक्षी ऐकणंच गेलं तर त्याच्याजवळ उरणार काय?

झानेलेचाही डोळा उघडा होता. तिने गुपचूप बोट पाण्याकडे वळवलं. मीही वळवलं.

दादाने डोळे उघडले. आधी बोटं बघितली, मग आमची तोंडं.

"मी तर अंदाजाने बोट केलं होतं. तुम्हा दोघींचं जन्मात कधी एकमत झालं नाही, ते आजच बरं कसं झालं?"

"मामा, वाऱ्यामुळे..."

"पान हलत नाहीये, वाऱ्याला कशाला नावं ठेवतेस? कुठे आहे तो?"

मला रडू आलं, रागही आला. त्याचा हात धरून मी वर नेला. "तिकडे, त्या ढगाखाली."

त्याने दुर्बीण लावली. बराच वेळ शोधलं.

"दिसला! वटवट्या. दिसलेला चालतो ना?"

"न चालायला काय झालं!"

"मग आजपासून नियम बदलला. डोळे उघडे, तोंड उघडं. ऐकू येईल तिने मला सांगायचं. लाजायचं नाही."

दादाने आजवर माझ्याकडे कधी मदत मागितली नव्हती. पुढचा आवाज आला तेव्हा मी अशी ओरडले की पाण्यावरची सगळी बदकं उडाली.

"हळू गं बाई," दादा म्हणाला. "एवढा बहिरा नाही झालो अजून."