न धुतलेली काचपट्टी

मी एक जुनी काचपट्टी आहे. बोटाएवढी लांब, दीड बोटाच्या जाडीएवढी रुंद. माझ्यातून आरपार दिसतं, एवढाच माझा गुण. गोड बोलता येत नाही, हा अवगुण. मित्रांनो, तो आधीच सांगून ठेवते.

कुठल्याशा कारखान्यात मला कापलं, कडा घासल्या आणि बहिणींसोबत पुठ्ठ्याच्या डबीत बसवलं. डबीवर छापलं होतं : एकदाच वापरा. कवठे महांकाळच्या एसटी स्टँडजवळ रक्त तपासायची एक लहान लॅब आहे. तिचे मालक लालासाहेब. त्यांनी ती ओळ वाचली आणि हसले. "एकदाच? काच काय चहा हाय व्हय, एकदा पिला की संपला?"

झालं. सकाळी माझ्या अंगावर कुणाचं तरी रक्त पसरायचं, संध्याकाळी साबणाच्या पाण्यात मला घासायचं. तापाने फणफणलेले शेतकरी, बाळंतिणी, सैन्यभरतीची पोरं, सगळी माझ्यावरून गेली. त्यांतलं कुणीही माझ्याजवळ राहिलं नाही. धुतलं की विसरायचं, हाच माझा धर्म होता. लालासाहेब पाहुण्यांना सांगायचे, "दोन वर्सं झाली, एक ओरखडा न्हाई हिला." मला ते कौतुक वाटायचं. मूर्खच होते मी.

लॅबमधलं खरं काम करायची नौशीन. बादशहाभाई पिंजाऱ्यांची लेक. बापाचे हात कापसात, हिचे रक्तात. मायक्रोस्कोपला डोळा लावला की ती स्वतःशीच बोलायची.

मागच्या वैशाखात राजनंदिनी तिच्या बाळाला घेऊन आली. नवरा शंभूराज फौजेत, दूर सीमेवर. सोबत सासू शालूबाई. ती तिची सख्खी आत्याही. आत्याच्या मुलालाच दिलेली होती ना. बाळ बत्तीस दिवसांचं, आणि त्याची नाळ अजून पडली नव्हती. बेंबीभोवती कातडी लालबुंद झाली होती. अंगात ताप.

"नाव काय लिहू?" नौशीनने विचारलं.

"नाळ पडल्याबिगर आमच्यात बारसं करत न्हाईत," शालूबाई म्हणाल्या. "राजनंदिनीचं बाळ, एवढंच लिव्ह. आन् काळजीचं काय न्हाई बरं का. डॉक्टरनं सांगितलं म्हणून आलो. बघ की, पुवाचा एक टिपूस न्हाई. आमच्या घरचं रक्तच सोच्छ!"

त्या म्हातारीचा चेहरा कसा फुलला होता! आणि तिथेच सगळं चुकत होतं.

नौशीनने बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं, माझ्यावर पसरलं, वाळवलं, जांभळा रंग चढवला. बेंबीजवळचा ओलावा कापसाच्या काडीने टिपून माझ्या शेजारच्या बहिणीवर लावला. मग डोळा लावून बसली. दोन्ही काचा पुन्हा पुन्हा सरकवून पाहिल्या.

माझ्यावर पांढऱ्या पेशी दाटीवाटीने उभ्या होत्या. तान्ह्या बाळाच्या रक्तात असाव्यात त्याच्या चौपट-पाचपट. बहिणीवर जंतूच जंतू, पण पांढरी पेशी औषधालाही नाही.

"या अल्ला," ती पुटपुटली. "रक्तात जत्रा भरलीया आन् जखमेत चिटपाखरू न्हाई."

मित्रांनो, तुमच्या अंगात काय चालतं ते ऐका. जखमेतून जंतू शिरले की तिथल्या पेशी हाक मारतात. ती हाक म्हणजे आवाज नव्हे, रक्तात मिसळणारी रसायनं. हाक पोचली की जवळच्या रक्तवाहिनीची आतली भिंत खरखरीत होते, धरायला जागा देते. रक्ताबरोबर वाहणारी पांढरी पेशी त्या भिंतीला घासत, गडगडत येते, हळू होते, घट्ट चिकटते. मग अंग चपटं करून भिंतीच्या फटीतून बाहेर पडते आणि हाकेच्या मागावर चालत जखमेपर्यंत जाते. लढते. मरते. जखमेतला पू म्हणजे बहुतेक याच मेलेल्या पेशी. तुम्ही ज्याला घाण म्हणून नाक मुरडता, ती तुमच्यासाठी पडलेल्यांची रास असते.

या बाळाच्या पेशींना हाक ऐकू येत होती. पण भिंत धरायला लागणारं प्रथिन त्यांच्या अंगावर जन्मतःच नव्हतं.

नौशीनने शिकताना हे कुठेतरी वाचलं होतं. तिने जुनी वही काढून पाहिली आणि दोघींना समोर बसवलं.

"आज्जी, कृष्णेच्या पुरात गडी वाहत चालला तर काठाची मुळी धरूनच भाईर पडतो न्हवं? तुमच्या नातवाच्या पेशींना धरायला बोटंच न्हाईत. काठ दिसतोय, पर वाहतच चालल्यात. म्हणून पू न्हाई. हे सोच्छ न्हवं, आज्जी. पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या. आजच्या आज."

राजनंदिनीने बाळाला जवळ ओढलं. "ताई, माझी पहिली पोरगी आठ महिन्यांची गेली. कानामागं जखम व्हती. तिला बी पू नव्हता. सगळी म्हणायची, जखम लय चांगली हाय."

"तू गप," शालूबाई उसळल्या. "आन् तू गं, डॉक्टरीण हायस का? चांगल्या जखमेला पुणं कशाला?"

नौशीन मालकांकडे गेली. लालासाहेब म्हणाले, "पोरी, आपण आकडा लिव्हायचा. अर्थ लावणं आपलं काम न्हाई." ती डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, आकडा चुकला असेल, आणि नेहमीचं औषध लिहून मोकळे झाले.

अठरा दिवस गेले. अठरा! राजनंदिनीने चोरून नवऱ्याला फोन केला. शंभूराज सुट्टी काढून आला आणि बाळाला उचलून थेट पुण्याला घेऊन गेला. तिथे नौशीनचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. दोष आई-बाप दोघांकडून आलेला, जवळच्या नात्यात लग्न झालं की असा दोष मुलात उतरायची शक्यता वाढते. उपाय एकच होता, जुळणाऱ्या माणसाच्या हाडातला मगज देणं. सख्ख्या भावंडाचा जुळायची शक्यता जास्त. पण एकुलती बहीण तर याच दोषाने आधीच गेली होती. बाहेर शोध सुरू झाला, तोवर जंतू फुप्फुसात उतरले. चौथ्या महिन्यात बाळ गेलं. नाळ पुण्यातच कधीतरी पडली. तेव्हा बारशाची कुणाला शुद्ध होती?

इकडे लॅबमध्ये धुण्याचा तोच रिवाज. माझी बहीण तर तपासणीच्या दिवशीच संध्याकाळी साबणात गेली होती. जखमेत कुणी आलं नव्हतं याची ती एकच साक्षीदार, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुणाच्या तरी घशातली थुंकी लागली. लालासाहेबांनी मलाही उचललं होतं. नौशीनने त्यांच्या हातातून मला हिसकावून घेतलं.

"ही न्हाई धुवायची, काका."

"का? सोन्याची हाय व्हय?"

"माझ्या पगारातनं नवी आणा. ही न्हाई."

काका बाकीच्या काचा घासायला लागले. बाळ गेल्याचं कळलं त्या दिवशी मात्र त्यांनी साबणाची परात उचलून बाहेर फेकली. उशीर झाला होता. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मी खणात पडून राहिले. कागदात गुंडाळलेली, कुणाच्या कामाची नसलेली.

गेल्या आठवड्यात राजनंदिनी परत आली. पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना. मागे शालूबाई, काठी टेकत. म्हातारी वर्षात दहा वर्षांनी वाकलीय.

"ताई, त्यो हाय का अजून त्या काचंवर?" राजनंदिनीने विचारलं.

नौशीनने मला काढलं, बारीक पेशी ठळक दिसाव्यात म्हणून तेलाचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं. राजनंदिनी डोळा लावून पाहत राहिली. मग शालूबाईंनी डोळा लावला.

"एवढी सगळी हुती?" त्या म्हणाल्या. "आन् एक बी काठावर उतरलं न्हाई?"

"हाक ऐकू येत हुती, आज्जी. धरायला हात नव्हतं."

"माझ्या तोंडाला आग लागली न्हाई तवा. सोच्छ म्हणाले मी." त्यांनी पदराने डोळे टिपले. "पोटातल्याचं आधीच कळतं म्हणं आता पुण्यात?"

"कळतं. लवकर जायला पायजे पर."

"उद्याच्या एसटीनं जाऊ. मी सोता नेती हिला." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्याच्यावर नाव न्हाई पोराचं. नाथाजी ठेवणार हुतो. लिव्ह की गं."

नौशीनने काचेवर कोरायची लेखणी घेतली. माझ्या टोकाला करकर अक्षरं उमटली : नाथाजी. माझ्या अंगावरचा तो पहिला ओरखडा. तेच त्याचं बारसं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, तिघी बाया उभ्या होत्या.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येईल. तीन आठवडे उलटूनही नाळ पडली नाही, तर वाट पाहत बसू नका, दवाखाना गाठा. जखम लाल आहे आणि पू अजिबात नाही, तर शाबासकी देऊ नका. येणारे का आले नाहीत, ते विचारा. आणि विचारणारी लॅबमधली साधी पोरगी असली, तरी तिचं ऐका.

नाथाजीच्या पेशींना जन्मभर कशालाच धरता आलं नाही. त्या आता माझ्या अंगाला घट्ट धरून आहेत. मला धुऊ नका.