फोटोत दिसणारी डबी

डबीचं झाकण काढलं आणि मुंग्यांची पांढरी अंडी माझ्या मनगटावर सांडली. गच्चीभर कबुतरांच्या शिटेचा थर, पाण्याच्या टाकीखाली हिरवी बुळबुळ, आणि त्यात गुडघे टेकून मी. पण शिसारी आली ती त्यातल्या कशाची नव्हे. डबी खांबावरून सोडवून मागची बाजू बघितली, तेव्हा आली.

ही डबी म्हणजे सर्ज प्रोटेक्टर. जवळपास वीज कोसळली की केबलमध्ये जो झटका शिरतो तो स्वतः झेलायचा आणि अर्थिंगच्या वायरने जमिनीत सोडायचा, एवढंच तिचं काम. या वृद्धाश्रमाच्या दोन इमारती आहेत. पुढच्या इमारतीत परिचारिका बसते. मागच्या इमारतीत आधाराशिवाय चालता न येणारे चौदा जण राहतात. प्रत्येकाच्या उशाशी एक बटण आणि न्हाणीघरात एक. ते दाबलं की मागच्या गच्चीवरचा वायरलेस रेडिओ पुढच्या गच्चीवरच्या रेडिओला कळवतो आणि परिचारिकेच्या टेबलावर घंटी वाजते. रेडिओला चालायला लागणारी वीजसुद्धा नेटवर्कच्याच केबलमधून जाते. चौदा माणसांचा भरवसा त्या एका केबलवर.

मंगळवारी दुपारी शेजारच्या मैदानात वीज पडली आणि मागचा रेडिओ जळला. कुणाला पत्ता नाही. दोन वाजता एक आजोबा न्हाणीघरात पडले. सहा वाजता जेवणाचं ताट घेऊन बाई गेली तेव्हा सापडले. चार तास ओल्या फरशीवर, स्वतःच्या घाणीत, बोट बटणावर.

आणि इथे वर, मागच्या इमारतीच्या गच्चीवर, डबीतून केबल गेलेलीच नव्हती. केबलची दोन टोकं डबीच्या मागे एका फुटकळ जॉइंटने एकमेकांना जोडलेली, वरून काळी चिकटपट्टी. हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर वीतभर खाली उतरून खांबामागे कापलेली. समोरून बघावं तर सगळं झकास.

"भाऊजी!" मी ओरडलेच.

टाकीच्या सावलीत माझे दीर उभे होते. ही यंत्रणा बसवून देणारा धंदा आम्हा दोघांचा. खरेदी आणि फिटिंग त्यांच्याकडे, आराखडा आणि तपासणीची सही माझ्याकडे.

"हे काय करून ठेवलंय?"

"अहो वहिनी, डबी लावली की रेडिओच चालू होईना. उद्घाटन तोंडावर आलेलं. मग दिली बायपास करून."

"चालू होईल कसा? ही साध्या नेटवर्कची डबी आहे. केबलमधून अठ्ठेचाळीस व्होल्ट जायला लागले की हिला वाटतं झटकाच आला, आणि ती तेच गिळून टाकते. मी यादीत पॉवरवाली लिहिली होती."

"दुकानात ती नव्हती. दिसायला दोन्ही सेम टू सेम."

"आणि अर्थिंग?"

"चार मजले वायर खाली कोण ओढत बसणार? फोटोत कुठे दिसतंय ते!"

हे बोलताना त्यांना जरासुद्धा लाज वाटली नाही. भाऊजी लबाड असते तर मी समजू शकले असते. लबाड माणूस निदान लपवताना घाबरतो. हे नुसते पाट्या टाकणारे.

पण फोटोचं म्हणाले ते खरं होतं, आणि तिथेच माझ्या तोंडाची चव गेली. आमच्या धंद्यात तपासणी फोटोंवर उरकतात. मी पंख्याखाली बसून या कामाचे तेवीस फोटो पाहिले होते आणि खाली 'योग्य' असा शेरा मारून सही ठोकली होती. नवव्या फोटोत ही डबी आहे. मी नंतर तो पुन्हा काढून बघितला. वायर खाली जाताना दिसते, आणि फोटो जिथे संपतो तिथेच ती संपते. चार मजले चढायचा कंटाळा, दुसरं काही नाही. उंटावरून शेळ्या हाकल्या मी.

खाली व्यवस्थापकांनी पत्र टाइप करून तयारच ठेवलं होतं. 'नैसर्गिक आपत्तीमुळे यंत्रणा बंद पडली.' खाली माझ्या सहीसाठी रेघ.

"ते पत्र राहू द्या," मी म्हटलं. "आधी नवीन डबी कोणती ते ठरवू. अठ्ठेचाळीस व्होल्ट जाऊ देणारी हवी आणि केबलमधल्या आठही तारांना संरक्षण देणारी. प्रत्येक केबलला दोन. एक वर रेडिओजवळ आणि एक केबल इमारतीत शिरते तिथे. आणि दोन्हींची जाड वायर थेट अर्थिंगला."

"दोन कशाला?" व्यवस्थापकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "भिंतीवर बरं नाही दिसत हो."

"एक पुरे की," भाऊजी म्हणाले. "फोटोत एकच मागतात."

दोघेही मान हलवत होते, एकमेकांना धीर देत होते, आणि माणूस फरशीवर पडला होता हे त्या खोलीत कुणाच्या गावीही नव्हतं.

"आणि एक काम करा," व्यवस्थापक म्हणाले. "आजोबा सारखे विचारतात, घंटी का वाजली नाही म्हणून. आमचं ऐकत नाहीत. तुम्ही तांत्रिक माणूस. वीज पडली म्हणून सांगा, म्हणजे विषय मिटेल."

आम्ही तिघं आजोबांच्या खोलीकडे गेलो. आजोबा पूर्वी बसकंडक्टर होते. उजवा हात गळ्यात अडकवलेला, गालावर फरशीच्या कडेचा निळा वळ. खोलीत फिनेलचा वास मारत होता.

"घंटीवाल्या तुम्हीच का?"

"हो."

"बत्तीस वर्षं घंटी मारली मी. एकदा मारली की थांब, दोनदा मारली की चल. ड्रायव्हर कितीही तिरसट असो, शिव्या देईल, पण गाडी थांबवेल. म्हणून आधी एकदाच दाबलं. मग दोनदा. मग दाबतच राहिलो. मला वाटलं, ऐकू जातंय. ऐकू जातंय, पण म्हाताऱ्याची नेहमीची कटकट म्हणून कुणी उठत नाहीये. ते पडण्याहून वाईट होतं, बाई."

"ऐकू गेलंच नाही, आजोबा. वरचा रेडिओ जळला होता."

"वीज पडली म्हणतात, ती खरंच?"

"खरंच पडली."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि हळूहळू थोपटला.

"मग कुणाचाच दोष नाही. विजेपुढे कोण काय करणार? बरं केलंत सांगितलंत. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही."

दारात भाऊजींनी सुस्कारा सोडला. व्यवस्थापकांच्या हातात ते पत्र होतंच. मी तिथेच गप्प बसले असते तर आजोबा त्या दुपारी शांत झोपले असते. आणि आठवडाभरात वर पुन्हा एक डबी लागली असती, फोटोपुरती. माझा हात अजून त्यांच्या हातात होता आणि मला माझीच घाण वाटत होती.

"दोष आहे, आजोबा," मी म्हणाले. "वीज झेलायची डबी वर होती. पण केबल तिच्यातून नेलीच नव्हती, आणि तिची वायर जमिनीपर्यंत सोडली नव्हती. मी फोटो बघून सही केली. जिने चढून वर जाऊन बघायचं माझं काम होतं. मी गेले नाही."

भाऊजी मागून "वहिनी, अहो वहिनी" करत राहिले. आजोबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी माझा हात सोडला आणि आपला तळवा चादरीला पुसला. एकदा पुसून भागलं नाही म्हणून पुन्हा पुसला.

"म्हणजे मला वाटलं ते खरंच होतं," ते म्हणाले. "कुणी उठलंच नाही."